तोरूच्या गळ्यातली पेटी

तोरूच्या गळ्यातली पेटी मुकी झाली हे सगळ्यांत आधी कळलं ते खाली गावात घरी बसलेल्या तुरदुबेकला. आम्ही इथे वर कुरणात घोड्यांच्या लिदीत दिवस काढतो, उठल्या उठल्या तोरूचं तोंड बघतो, आणि आम्हाला ही बातमी कळली तुरदुबेककडून. आता बोला.

गावाच्या घोड्या राखणाऱ्या सादीरचा मुलगा मेलिस उंटखडकावर चढला होता. आमच्या घरांपाशी फोन लागतो तो त्या एका खडकावर, तोही उभं राहून, गावाकडे तोंड करून. सासुरवाडीची खुशाली विचारायला गेलेला माणूस उतरला तो तोंड पाडूनच.

"आताके," तो बापाला म्हणाला, "तुरदुबेकचा फोन आला होता. पेटी बोलायची बंद झालीय म्हणे. रविवारी येतो म्हणाला. दोन माणसं आणि दोर घेऊन."

सादीर दावणीपाशी बसून शिंगरांची खुंटी ठोकत होता. त्याने आणखी दोन घाव घातले, खुंटी हलवून बघितली, मग म्हणाला, "दोर कशाला? आपल्याकडे आहेत की."

"घोड्या न्यायला."

सादीरने हातोडा खाली ठेवला. माझी मेंढरं त्या बाजूला चरत होती म्हणून मी तिथेच होतो, आणि शेजारधर्म म्हणून दुसरीकडे बघत उभा राहिलो. पण कान काही दुसरीकडे करता येत नाहीत.

ह्या पेटीच्या लचांडाचं मूळ मागच्या उन्हाळ्यातलं. आमच्या कुरणाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे, आणि ओढ्यापलीकडे कझाकांचा देश. ओढा एवढासा, शिंगरूसुद्धा पोट न भिजवता पार होईल. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका राखणदाराच्या घोड्या तो ओलांडून गेल्या आणि पलीकडच्या शिपायांनी त्या कोंडून घातल्या. सुटून आल्या तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या, दोघी गाभडल्या. म्हणून यंदा गावाने वर्गणी काढून ही पेटी घेतली आणि कळपाचा मालक जो घोडा, तोरू, त्याच्या गळ्यात बांधली. तोरू जिथे, घोड्या तिथे. पेटीच्या पोटात मोबाईलसारखं सिम, तोरू कुठे आहे ते ती दर तासाला, गावाच्या वतीने घोड्यांचं बघणाऱ्या तुरदुबेकच्या फोनवर पाठवणार. पेटी बोलते आहे तोवर कळप सादीरकडे. पेटी गप्प झाली की कळप खालच्या कुरणात, तुरदुबेकच्या पुतण्याकडे. सादीरने सभेत लगेच हातात हात दिला. त्याला वाटलं घंटेसारखंच काहीतरी असणार, घोड्याच्या गळ्यात घंटा काय नि पेटी काय.

आणि आता कळप जाणार होता. कळप गेला की दूध गेलं, ते आंबवून केलेलं कुमीस गेलं, उन्हाळाच गेला. पण त्याहून वाईट म्हणजे, ज्या सादीरच्या भरवशावर गावाने आजवर डोळे मिटून घोड्या सोडल्या त्याच्या दारातून त्या दोराला बांधून नेणार. 

"पेटीचं कोण बघणार?" सादीर म्हणाला.

मेलिसने मान वळवली ती बायकोकडे. कुन्दुझ त्या वेळी एका घोडीखाली होती. घोडीचं दूध काढणं गाईसारखं निवांत बसून होत नाही. एक गुडघा जमिनीवर, दुसऱ्या मांडीवर कासंडी, एक हात घोडीच्या मागच्या पायाआडून घालायचा आणि डोकं तिच्या पोटाला टेकवायचं. आधी शिंगरू लावायचं, घोडी पान्हवली की ते ओढून बाजूला करायचं आणि झटपट चार धारा काढून घ्यायच्या. पुन्हा दोन तासांनी तेच. दिवसभर तेच. या घरात येऊन तिचा हा दुसरा उन्हाळा. त्याआधी ती बिश्केकच्या बाजारात एका टपरीत बसून टॅक्सीवाल्यांच्या यंत्रांत आणि विजेच्या मीटरांत सिम बसवून द्यायची. मेलिस तिथे फोन दुरुस्तीला टाकायला गेला आणि बायको घेऊन आला, असं आम्ही म्हणतो. तो फोन अजूनही बिघडलेलाच पडलाय.

"मी बघते, आताके," ती घोडीच्या पोटाशीच म्हणाली. सासऱ्याकडे तोंड वर करून बोलायची तिला सवय नव्हती. सासूच्या, बातमाच्या, घरात जुन्या रीती अजून चालतात, आणि बातमा त्या चालवून घेते.

"आधी हे दूध बघ," बातमा म्हणाली.

*

तोरूला धरायला आम्हाला दुपार पुरली नाही. तो काही दावणीचा घोडा नव्हे. लांब काठीला फास लावून मेलिस मागे लागला, तेव्हा तोरूने आधी त्याला कुरणभर पळवलं, मग थांबून त्याच्याकडे असं बघितलं की जणू विचारतोय, झालं का? तिसऱ्या फाशात मान अडकली तरी दोर मेलिसच्या मुठीतून सरसरत गेला आणि तळव्यांची साल निघाली. मी पुढून, सादीर लंगडत बाजूने, असं करून शेवटी पट्टा सोडवला. सादीरचा उजवा गुडघा दोन हिवाळ्यांपासून धड वाकत नाही.

कुन्दुझने पेटी पुसली, बोटाएवढी वायर काढून आपल्या जुन्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपला वीज छतावरच्या सौर पाटीची. लोकर थापून केलेल्या नमद्याच्या तंबूच्या दाराशी उजेडात ती मांडी घालून बसली, मी कुमिसाचं निमित्त काढून आत शिरलो. नवीन काही घडत असलं की माझा पाय घरात ठरत नाही.

"हिच्याशी बोलायचं असलं तर लिहून बोलावं लागतं," ती मला म्हणाली. शेजाऱ्याशी बोलायला तिला संकोच नव्हता. "आधी नुसती दोन अक्षरं. ए, टी."

तिने ती लिहिली. खाली लगेच उत्तर उमटलं: ओके.

"म्हणजे सलाम-अलेकुम," मी म्हणालो.

"तसंच. सलाम घेतला म्हणजे जिवंत आहे. आता विचारायचं, सिम पोटात आहे का." लिहिलं. उत्तर आलं, तयार आहे. "सिग्नल किती?" उत्तर आलं चोवीस. कुन्दुझच्या भुवया वर गेल्या. "एवढा तर शहरातसुद्धा मिळत नाही. मग मोबाईलच्या जाळ्यात शिरली आहेस का?" उत्तरात शून्य, स्वल्पविराम आणि पाच. "शिरली आहे. आता मागचं एखादं दार अर्धं उघडं राहिलं असेल तर ते बंद करून घ्यायचं. मागचं बंद नसलं तर नवीन उघडत नाही." ओके. "आता इंटरनेटचं दार उघड."

पेटी गप्प. पडद्यावर एक काडी लुकलुकत राहिली. बऱ्याच वेळाने शब्द उमटला. मला इंग्रजी येत नाही, पण कुन्दुझचा चेहरा वाचता येतो.

"नाही म्हणतेय," ती म्हणाली.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सलाम, सिम, सिग्नल, जाळं, जुनं दार बंद, नवीन दार उघड. नाही. पुन्हा. नाही. तोवर दावणीला शिंगरं पाय आपटायला लागली, आणि बातमा कासंडी घेऊन दारात उभी.

"सासू-सासऱ्यांशी वर्षात बोलली नाहीस एवढं त्या डबीशी बोललीस," ती म्हणाली. "ऊठ. घोड्या काही ओके म्हणून थांबत नाहीत."

कुन्दुझ उठली. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, धारा काढताना त्यात मीठ घातल्यासारखं व्हायचं, ते मला माझ्या बायकोकडून कळलेलं. तोंडाने ती कधी बोलली नाही.

*

दुसऱ्या दिवशी तिने मेलिसला खडकावर पाठवलं, सिममध्ये पैसे आहेत का बघायला. होते. मग मेलिसच्या फोनमधलं सिम काढून पेटीत घातलं. तेच उत्तर. मग तिने बॅटरीच्या तारा उकरून बघितल्या, अँटेनाचा स्क्रू पिळला, पेटी उलटी केली, सुलटी केली. सलाम घ्यायची, सगळं तयार म्हणायची, आणि दार उघड म्हटलं की नाही.

दुपारनंतर गारा आल्या. आमच्याकडे गारा सांगून येत नाहीत, डोंगरामागून एक काळा ढग डोकावतो आणि तोवर डोक्यावर असतो. शिंगरं आडोशाला घेताना सगळे भिजले. पाठीवर गारांचे टोले खात कुन्दुझ शेवटच्या घोडीखाली बसलेली होती, तिचं लक्ष नव्हतं, घोडीने बिचकून पाय झाडला आणि भरलेली कासंडी चिखलात पालथी झाली. पांढरं दूध आणि पांढऱ्या गारा. शिंगरूसुद्धा बघत राहिलं.

"पेटीलाही पान्हा नाही आणि घोडीलाही नाही," बातमा म्हणाली. "तुझ्या हाताला झालंय तरी काय?"

हे ती माझ्या बायकोसमोर म्हणाली. कुन्दुझने कासंडी उचलली, पावसाच्या पाण्याने धुतली आणि आत गेली. तिच्या मानेपर्यंत लाली चढली होती. बातमा वाईट बाई नाही, पण रविवार जवळ येत होता आणि भीती वाटली की तिची जीभ सुटते. आमच्यापैकी तरी कोणाची सुटत नाही म्हणा!

गारा थांबेपर्यंत सगळे आतच होते. बातमा कुमिसाच्या चामडी पिशवीत दांडा ढवळत होती. सादीर आपला गुडघा चोळत चोळत सुनेच्या बाजूला सरकला. अगदी जवळ नाही, मध्ये माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"मला सांग ती काय काय म्हणते," तो म्हणाला. "पहिल्यापासून. मला त्यातलं कळत नाही, पण घोडं आजारी पडलं की मी असंच विचारतो. खाल्लं काय, प्यालं काय, लीद कशी."

कुन्दुझने मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. "सलाम घेते. सिम आहे म्हणते. सिग्नल चोवीस म्हणते, चांगला आहे. जाळ्यात आहे म्हणते, पाच."

"पाच काय?"

"नुसता आकडा आहे, आताके. शून्य असलं तर बाहेर. एक असलं तर आत. पाच असलं तरी आतच."

"मग एक आणि पाचात फरक काय?"

"एक म्हणजे आपल्या घरच्या जाळ्यात. पाच म्हणजे..." ती थांबली. "पाच म्हणजे पाहुणी म्हणून."

"कोणाकडे?"

कुन्दुझचा हात तोंडावर गेला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "बाजारात कधी पाच आलंच नाही! तिथे कायम एकच. मी नुसती बघायची की शून्य नको." तिने घाईघाईने एक ओळ लिहिली, तू आत्ता कोणाच्या जाळ्यात आहेस अशी. उत्तरात जे नाव आलं ते ओढ्यापलीकडच्या कंपनीचं होतं. कझाकांच्या टेकडीवर त्यांचा नवा टॉवर नुकताच सुरू झालाय, रोज आमच्या डोळ्यांसमोर लाल दिवा मिचकावतो. चोवीस सिग्नल त्याचा.

"म्हणजे," सादीर सावकाश म्हणाला, "ही पलीकडच्यांच्या दारात जाऊन बसलीय. त्यांनी आत घेतलं, बसायला दिलं, पण वाढत नाहीत."

"हो. नाव लिहून घेतात, इंटरनेट देत नाहीत. आपल्या सिमला तिकडे परवानगी नाही."

बातमाचा दांडा थांबला. "पाहुण्याला घरात घेऊन वाढत नाहीत? कझाक? माझी मावशी तिकडे दिलीय, अशी नाहीत हो ती माणसं."

"माणसं नाहीत, आपा, टॉवर," मेलिस आईला म्हणाला.

"टॉवर का असेना. रीत म्हणून काही आहे की नाही!"

त्या दिवसात सादीर पहिल्यांदा हसला. "अगं, पलीकडून विकत आणलेली घोडी आठव. खुराक इथे खायची आणि वारा फिरला की ओढ्याकडे पळायची. जिकडून जोरात हाक येते तिकडे जाणारच ती. आपण काय केलं? पायबंद घातला. या कुरणाचं गवत ओळखीचं होईपर्यंत सोडला नाही." तो सुनेकडे वळला. "हिला पायबंद घालता येतो?"

"येतो," कुन्दुझ म्हणाली. "आत्ता ती आपल्या मनाने जाळं निवडते. तसं करू नको, फक्त आपल्याच कंपनीचं धर, असं सांगता येतं. आपल्या कंपनीचा आकडा लिहायचा असतो. तो मला पाठ आहे."

तिने लिहिलं. पेटीने एवढा वेळ घेतला की बातमाने मध्येच उठून चहा टाकला. मग उत्तर आलं: नाही. पुन्हा लिहिलं: नाही.

"पायबंद तर बसला," कुन्दुझ म्हणाली. "पण इथे आपल्या टॉवरची हाकच पोचत नाही. इथे नुसती त्यांचीच."

सादीरने नमद्याचं दार बाजूला केलं. गारा थांबल्या होत्या, गवतातून वाफ निघत होती. "गावाकडचा वारा कुठे लागतो ते मला विचार," तो म्हणाला. "वर खांद्यावर."

आमच्या घरांमागे जो डोंगर चढतो त्याच्या खांद्यावर. मेलिसने घोडा काढला, कुन्दुझ मागे बसली, लॅपटॉप मेंढीच्या कातड्यात गुंडाळून पोटाशी धरलेला, पेटी कोटाच्या खिशात. बातमा म्हणाली, "दूध काढायची वेळ झालीय," आणि आपणच कासंडी घेऊन निघाली. मीही माझी घोडी घेतली. कोणी बोलावलं नव्हतं.

खांद्यावर वारा असा की बोलणं तोंडातून उडून जावं. कुन्दुझ एका दगडाच्या आडोशाला बसली आणि मेलिसने तिच्यावर कोट धरला. सलाम. ओके. सिग्नल नऊ. "नऊ," ती म्हणाली, "पण आपला." जाळ्यात आहेस का? उत्तर आलं, एक. जुनं दार बंद. नवीन दार उघड. काडी लुकलुकली, लुकलुकली, आणि ओके. मग ठिपक्या-ठिपक्यांची एक आकड्यांची ओळ आली.

"हा तिचा पत्ता," कुन्दुझ ओरडली. "पत्ता मिळाला म्हणजे घर मिळालं!" आणि नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. सासू जवळ नव्हती.

मेलिसच्या फोनवरही तुरदुबेकला दिसतो तसा लाल ठिपका उमटला, डोंगराच्या खांद्यावर, आम्ही बसलो होतो तिथेच.

*

पण घोडा काही खांद्यावर बसून राहत नाही. संध्याकाळी पेटी तोरूच्या गळ्यात परत गेली, तो घोड्या घेऊन खाली घळीत उतरला आणि ठिपका नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी खडकावर तुरदुबेकचा फोन: "एकदा दिसला, परत गेला. हे काही खरं नाही. मी येतोय."

कुन्दुझ सासऱ्यापुढे उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. "आताके, पायबंद काढू का? तो असेल तर खाली गेल्यावर पेटी एकदम मुकी होते. पलीकडे गेली तरी मुकीच राहील."

"आधी तरी कुठे बोलत होती?"

"तेही खरं."

"आता निदान मला कळतं. बोलते आहे म्हणजे वर आहे. गप्प आहे म्हणजे घळीत आहे. घळी किती? तीन. ओढ्याला लागणारी एक. गप्प झाली की मी उठून तिथे जाईन. मुकं माणूससुद्धा कधी गप्प होतं ते घरच्यांना कळतंच की."

"आणि हे तुरदुबेकला कोण समजावणार?" बातमाने विचारलं.

 कुन्दुझ दावणीकडे गेली, सादीर लगाम शिवायला बसला आणि मी माझ्या मेंढ्यांकडे.

*

रविवारी तुरदुबेक आला. दोघे स्वार बरोबर, खोगिराला दोरांची वेटोळी. माणूस वाईट नाही तुरदुबेक. मागच्या उन्हाळ्यात त्या शिपायांच्या दारात टोपी हातात घेऊन बसला होता तो हाच, आणि त्याची स्वतःची करडी घोडी या कळपात आहे. त्याने कुमीस घेतलं, दुसरा वाडगाही घेतला, मुलाबाळांची, जनावरांची, पायांच्या सांध्यांची चौकशी केली, आणि सगळं विचारून संपल्यावर वाडगा पालथा ठेवला.

"साके," तो सादीरला म्हणाला, "मी येताना खडकावर थांबलो. काल संध्याकाळपासून ठिपका नाही. आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं ते ठरलं होतं," सादीर म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. पेटी गप्प आहे म्हणजे घोड्या काळ्या घळीत आहेत. चल, दाखवतो. तिथे नसल्या तर दोर तुझे, गाठी मी मारून देतो."

तुरदुबेकने बरोबरच्या दोघांकडे बघितलं. "काळी घळ म्हणजे ओढ्याकाठची?"

"तीच."

तुरदुबेक उठला. सादीरने दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून रिकिबीत ठेवला. दुखलं असणार, पण त्याने तोंड वाकडं केलं नाही. मेलिस, मी, ते तिघे, असे निघालो. दारात कुन्दुझ हात पुसत उभी होती. तिला विचारायचंही धाडस होत नव्हतं आणि आत जायचंही.

काळ्या घळीच्या तोंडाशी पोचलो आणि मी लगाम खेचला. घोड्या तिथेच होत्या, सगळ्या, पण तुरदुबेकची करडी ओढ्याच्या मधोमध उभी. पाणी गुडघ्याएवढं, तोंड पलीकडे. पलीकडच्या काठावर गवत अजून कोणी चरलेलं नव्हतं, हिरवंगार. आणखी चार पावलं आणि झालं.

मेलिसने घोड्याला टाच मारली, पण सादीरने हात आडवा केला. "थांब. बघ."

तोरू कळपातून निघाला. मान जमिनीलगत, कान मागे. पाण्यात शिरून करडीला वळसा घालून पुढे गेला आणि तिच्या पुठ्ठ्याला असा कडकडून चावा घेतला की ती किंचाळून उलटी फिरली आणि पाणी उडवत अलीकडे आली. तो मागून आला, सावकाश, घरचं कर्तं माणूस यावं तसा. काठावर येऊन अंग झाडलं आणि गळ्यातली पेटी खडखडली.

"तुझीच आहे ना ती करडी?" सादीरने विचारलं.

तुरदुबेक करडीच्या पुठ्ठ्यावरचे दातांचे वळ बघत होता.

मग आम्ही कळप वर काढला. चढाची वाट, घोड्या घामाने काळ्या पडल्या, शिंगरं मागे राहायची आणि मेलिस त्यांना हाकलत वर आणायचा. खांद्यावर पोचलो आणि गावाकडचा वारा लागला. तोरू नाकपुड्या फुलवून उभा राहिला. आणि तुरदुबेकच्या छातीवरच्या खिशात फोन वाजला. एकदा. मग पुन्हा. मग असा वाजत सुटला की त्याच्या घोड्याने कान टवकारले.

त्याने फोन काढला. मी बाजूने मान घातली. एक ठिपका नव्हता, ठिपक्यांची माळ होती.

"हे काय?"

"बोलता येत नाही तेव्हा ती लक्षात ठेवते," मेलिस म्हणाला. "घरच्या जाळ्यात आली की सगळं एकदम सांगते. कुन्दुझने सांगितलं होतं मला, मीच विसरलो."

तुरदुबेकने अंगठ्याने ती माळ मोठी केली आणि बोट तिच्यावरून फिरवत गेला. खाली घळ, घळीत ओढा, ओढ्याच्या अलीकडच्या काठाने ठिपके या टोकाला, मग त्या टोकाला, पुन्हा या टोकाला. पाण्यात दोनतीन. पलीकडे एकही नाही.

"हा तर रात्रभर काठाने फेऱ्या मारतोय," तो म्हणाला. "कोणाला जाऊच देत नाही."

"मग," सादीर म्हणाला, "राखणदार तुला कोण वाटला होता? मी?"

तुरदुबेकने फोन खिशात टाकला. मग खोगिरावर मागे रेलून असा हसला की बरोबरचे दोघेही हसले, आणि त्यांना काही कळलेलंच नव्हतं. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले. "कळप राहू दे इथेच, साके. दोर परत नेतो. बायको विचारेल एवढे दोर कशाला नेले होते, तर सांगेन, वाळत घालायला."

*

कळप घरी आणला तेव्हा सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. आम्ही आत शिरलो, तुरदुबेक मानाच्या जागी, त्याच्याशेजारी सादीर पाय लांब करून, मग आम्ही. मेलिसने आईला दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. बातमाने ऐकलं. पिशवी ढवळली, वाडगा भरला. आमच्यात जो कळप परत आणतो त्याला पहिला वाडगा. तुरदुबेकने हात पुढे केला, कारण दौड त्यानेही केली होती आणि पाहुणाही तोच. बातमा त्याच्या हातासमोरून वाडगा घेऊन गेली. सादीरच्या समोरूनही गेली. दाराशी कुन्दुझ उभी होती, कोपरापर्यंत दूध, कासंडी अजून हातात.

"घे," बातमा म्हणाली.

कुन्दुझने कासंडी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी वाडगा घेतला. आणि तशीच उभी राहिली. सासऱ्यासमोर, गावच्या माणसांसमोर सुनेने तोंडाला वाडगा लावायचा कसा? तिने सासूकडे बघितलं. सासू हटली नाही. मला वाटलं आता वाडगा परत जाणार.

तेव्हा सादीरने गुडघा उचलून कण्हत कूस बदलली आणि तोंड भिंतीच्या नमद्याकडे केलं. मी फिरलो. बरोबरचे दोघे फिरले. तुरदुबेकला समजायला जरा वेळ लागला, मग तोही पाठ करून बसला. मेलिसला फिरायची गरज नव्हती, तो बघत राहिला.

आम्ही चार बापे आणि तुरदुबेक भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसलो होतो, आणि मागे कुन्दुझचे घोट ऐकू येत होते. तिने वाडगा सावकाश, तळापर्यंत संपवला. तोपर्यंत कोणी वळून बघितलं नाही.